तुम्ही विचारलंत म्हणून : वस्तीतल्या पोरांना फुटबॉल कशाला?

वस्तीतल्या पोरांच्या फुटबॉल सरावासाठी वर्गणी मागायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. नात्यातली माणसं विचारतात, पोरांच्या शाळेतल्या बाईही विचारतात. "ही पोरं फुटबॉल खेळून खरंच जबाबदार होतात का हो? का नुसती दमून घरी जातात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

नुसतं खेळून होत नाहीत. कोल्हापुरात राहून हे मी ठामपणे सांगू शकते, कारण या शहराला खेळाची कमी कधीच नव्हती. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं. पेठापेठांत तालमी आहेत आणि त्या तालमींच्याच नावानं फुटबॉलचे संघ आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण त्याच स्टेडियमात समर्थकांची हुल्लडबाजीही झालेली आहे. चेंडूला पाय लागला की आपोआप शहाणपण येत असतं, तर ती झालीच नसती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या पोरांना जबाबदारी नवी नाही. माझ्याकडे येणारी एक मुलगी अजून हायस्कुलातही गेलेली नाही. आई धुण्याभांड्याला बाहेर पडली की घर हिच्यावर. नळाला पाणी आलं की घागरी भरायच्या, भात टाकायचा, धाकट्या भावाला सांभाळायचं. सरावालाही ती त्याला काखेत घेऊनच येते. तिला जबाबदारी शिकवायला निघालेल्यांचा मला रागच येतो. तिच्याकडे कामं भरपूर आहेत, पण त्यातलं एकही तिला विचारून ठरलेलं नाही. चुकलं तर शिव्या, जमलं तर कुणाचं लक्ष नाही. मैदानावर बदलायचं असतं ते एवढंच: काम तिचं, आणि ते कसं करायचं हेही तिनंच ठरवायचं.

म्हणून आमच्याकडे पंप, चेंडूंची जाळी, बिब्स (संघ ओळखायला वरून घालायची रंगीत बंडी), औषधाची पेटी, सगळं पोरांच्या ताब्यात असतं. पंप सध्या एका सडपातळ पोराकडे आहे. सुई पाण्यात बुडवल्याशिवाय तो कुणाला चेंडूला हात लावू देत नाही. कोरडी सुई घातली की आतला व्हॉल्व्ह फाटतो, आणि नवा चेंडू आणायला पैसे नसतात. हवा किती भरायची हे तो अंगठ्यानं दाबून ठरवतो. मोठी पोरं ओरडतात, "अजून मार की हवा!" तो मान वर न करता म्हणतो, "बास. टणक केला तर हेड मारताना डोकं दुखतंय." जोतिबाच्या चैत्र यात्रेत त्याचे वडील नारळ-गुलाल विकतात, तेव्हा त्यालाही डोंगरावर जावं लागतं. यंदा त्यानं जाण्याआधी पंप बहिणीच्या हाती पाठवला, निरोपासकट: "सुई डबीत हाय. आधी बुडवा म्हणावं." त्याला हे मी सांगितलेलं नव्हतं.

यात नवीन काही नाही, तालमीत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. नवा पोरगा आला की वस्ताद लगेच डाव शिकवत नाही, आधी कुस्तीच्या मातीचा हौद उकरायला लावतो. माती नीट मोकळी झाली नाही तर जोडीदाराला लागतं. आपल्या हातच्या कामाच्या शेवटी दुसऱ्या कुणाचं तरी अंग आहे, हे पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं.

तिकडे अमेरिकेत, शिकागोमध्ये, डॉन हेलिसन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करून हेच पायऱ्यांमध्ये मांडलं. दुसऱ्याचा मान राखणं, मनापासून प्रयत्न करणं, आपलं आपण ठरवणं, दुसऱ्याला मदत करणं, आणि पाचवी म्हणजे हे सगळं मैदानाबाहेर नेणं. माझ्या अनुभवानं पहिल्या दोन पायऱ्या पोरं भराभर चढतात. तिसरीला अडतं ते आपल्यामुळे. मोठ्या माणसाला गप्प बसवत नाही. सरावाचा शेवटचा भाग आमच्याकडे पोरांचा असतो. संघ तीच पाडतात, भांडण झालं तर रिंगण करून बसून तीच मिटवतात. मी बाहेर बसते. वेळ लागतो, आवाज चढतात, पण शिट्टी मारून निकाल द्यायचा नाही म्हणजे नाही.

अशाच एका रिंगणात ती भावाला आणणारी मुलगी बोलली. तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघी भावंडं घेऊन येतात आणि निम्मा वेळ कडेलाच बसतात. ती म्हणाली, "बदली खेळाडू बसलेलाच असतोय की. त्यानं पोरं सांभाळायची. माझी पाळी आली की मी पण सांभाळतो." पोरगे कुरकुरले. "आमी काय बायका हाय व्हय?" बराच वेळ खल झाला आणि शेवटी हात वर करून ठरलं. आता बाहेर बसलेल्या दांडगट डिफेंडरच्या मांडीवर कुणाचं तरी शेंबडं भावंड असतं, आणि बदली व्हायची वेळ आली की तो ते रीतसर पुढच्याच्या हवाली करतो. यातला एक जण आता घरीही धाकटीला घेतो, असं त्याची आई मला बाजारात भेटल्यावर म्हणाली. पाचवी पायरी मला दिसते ती अशी, कुणाच्या तरी आईच्या तोंडून, अधूनमधून.

पदकांचंही विचारता. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकहून नेमबाजीचं कांस्य आणलं, इथलाच अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात खेळला. पोरांना दोन्ही नावं पाठ आहेत आणि ती स्वप्नं त्यांनी जरूर बघावीत. पण त्या आशेवर वर्गणी देऊ नका, आणि आठवडाभराचं शिबिर भरवून टी-शर्ट वाटायलाही येऊ नका. ज्या पोराच्या हातात आज पंप दिला, त्याला उद्या आणि पुढच्या महिन्यातही तेच मैदान आणि तीच माणसं दिसली पाहिजेत. द्यायचंच असेल तर चेंडू द्या, चार नंबरचे, म्हणजे लहान पोरांच्या मापाचे. बारक्या पोरांची संख्या वाढली आहे.