आमची वाटचाल : भांडुपचा गाळा आणि मायक्रॉनचा हिशेब

मामाचं कुर्ल्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. पत्रा ठोकणं, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरणं ही जुन्या कारागिरांची कामं, घासणं नव्या पोरांचं. मीही तिथेच लागलो. आधी वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा पॉलिशपेपर) मारायचा, मग रोटरी मशीनला लोकरीचा पॅड लावून रबिंग. सावलीत गाडी झकास दिसायची. उन्हात नेली की बॉनेटवर मशीनच्या फेऱ्यांचे पट्टे. गिऱ्हाईक विचारत नव्हतं, त्यामुळे गॅरेजातही कुणाला पडली नव्हती. मला ते पट्टे खुपायचे. धाकट्या भावाला घेऊन गाडीच्या रंगावरचे ओरखडे काढून पॉलिश करायचं वेगळं काम सुरू केलं ते एवढ्यासाठीच.

सुरुवातीला गाळा कुठला? स्कूटरवर मशीन, पॅडची पिशवी आणि लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड घेऊन मुलुंड-ठाण्याच्या सोसायट्यांत जायचो. सोसायटीच्या मीटरवर मशीन लावलं की सेक्रेटरी हजर. शेवटी भांडुपला एलबीएस मार्गालगत छोटा गाळा भाड्याने घेतला, आणि दुसऱ्या मशीनच्या आधी रंगाची जाडी मोजायचा गेज घेतला. "मोजून काय पैसे मिळतात होय?" असं आई म्हणाली.

मिळतात. कंपनीतून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५०, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळ्या गाडीवर जे गोल जाळं दिसतं ते याच थरात असतं. खरं तर ओरखडे गोल नसतात, वाटेल तसे पडलेले असतात. दिव्याच्या उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. आपण 'ओरखडा काढला' म्हणतो, पण होतं असं की आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. दर रबिंगला तो थोडा कमी होतो आणि परत येत नाही. उन्हापासून रंगाला जपणाराही तोच.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने जातो. गाडी धुतली, लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे मारला (रेल्वेलाइनजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर तो जांभळा होऊन ओघळतो, बघण्यासारखं असतं), रुतलेली घाण ओढून काढणारा क्ले (मऊ मातीसारखा गोळा) फिरवला, कडांना टेप लावली. कडेवर रंग सर्वांत पातळ. मग बॉनेटच्या फूटभर चौकोनात आधी सर्वांत मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, ड्युअल ॲक्शन मशीनवर, म्हणजे पॅड फिरता फिरता हलतोही अशा मशीनवर. त्याने भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशला, हात लावायचा नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च मारायचा. हे पुसणं टाळलं की पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून ठेवतं, गाडी घेताना मालक खूश आणि चार धुण्यांनंतर जाळं पुन्हा हजर. एका दुकानातून अशी नुकतीच 'नवी' करून आणलेली गाडी आमच्याकडे आली होती. मालक पावती घेऊनच आला होता बिचारा.

नख अडकेल असा ओरखडा आम्ही घासत नाही. टच-अप करा, म्हणजे तेवढ्या जागी रंग भरून घ्या, म्हणून सांगतो.

गेजने धंदा जसा दिला तसे अवघड प्रसंगही दिले. एका काकांनी जुनी सेडान घेतली होती, 'एकदाही ठोकलेली नाही' या बोलीवर. छतावर ११८ मायक्रॉन, बॉनेटवर १२२, आणि मागच्या डाव्या दारावर ६४०. म्हणजे रंगाखाली पुट्टी, दार ठोकून दुरुस्त केलेलं. सोबत मुलगा आणि सून उभे. तेव्हापासून आकडे मोठ्याने वाचत नाही, कागदावर लिहून मालकाच्या हातात देतो.

मुंबईत हे जाळं पडतं कुठून? बहुतेक वेळा रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याच्या फडक्यातून. मेट्रोच्या कामाची धूळ रात्रभर बसते, आणि सकाळी एक बादली, एक फडकं. आम्ही एकाला दोन बादल्यांची पद्धत (एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी) समजावायला गेलो. तो म्हणाला, "दादा, पंचवीस गाड्या आठच्या आत पुसायच्या. पाइप सोसायटी लावू देत नाही. दुसऱ्या बादलीचं पाणी तुम्ही आणून देता का?" खरं होतं. मग झाडांवर फवारायचा हातपंप आणि नंतर पाण्याने धुवावा न लागणारा शाम्पू त्याला देऊन पाहिला: आधी फवारायचं, धूळ सुटू द्यायची, मग प्रत्येक गाडीला वेगळं मायक्रोफायबर. वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून तो जास्त पैसे मागतो. काही मालक देतात, बाकीच्यांची गाडी जुन्या फडक्यानेच पुसली जाते.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमचा सर्वांत गडबडीचा. बॉनेटवर झेंडूचा हार असतो, त्याची तार वाऱ्याने रंगावर घासत राहते. पांढऱ्या गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक दोन दिवस राहिलं तर तेही सहजी जात नाही. हार दोऱ्यात ओवलेला घ्या, एवढं सांगतो. पूजेत आम्ही पडत नाही.

आता सगळे सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक पारदर्शक लेप, मागतात. '९एच' ऐकून वाटतं, किल्ली मारली तरी काही होणार नाही. ते माप पेन्सिलीच्या कडकपणाचं आहे, धुळीतली वाळू त्याला जुमानत नाही. आम्हीही कोटिंग करतो, पाणी आणि घाण कमी चिकटते हे खरंच. पण बिलासोबत गाडी पुसणाऱ्यासाठी चार मायक्रोफायबर आणि तो हातपंप देतो, वेगळे पैसे लावत नाही.