दीडच दिवसाचा?

श्रावण सरत आला की मुंबईत ओळखीपाळखीच्या माणसांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? दहा दिवसांचा असे सांगणाऱ्याकडे आदराने पाहिले जाते, गौरीबरोबर जातो असे सांगणाऱ्याला पुरणाच्या नैवेद्याविषयी दोन शब्द विचारले जातात, आणि दीड दिवसाचा असे म्हणणाऱ्याला मात्र "दीडच?" एवढे ऐकून घ्यावे लागते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याच्या स्वरात थोडी कीव असते, जणू आमच्या घरी काहीतरी आवरते घेतले जात आहे. मला मात्र असे वाटते की या शहरात विखुरलेल्या कुटुंबाला एका छपराखाली आणण्याची ताकद जेवढी दीड दिवसाच्या गणपतीत आहे, तेवढी दहा दिवसांच्या गणपतीत नाही.

दहा दिवसांचे माहात्म्य मुंबईकराच्या मनावर ठसले ते मुख्यतः सार्वजनिक उत्सवामुळे. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सुरू झालेला उत्सव आजही चालू आहे, आणि मांडवात गणपती बसवायचा तर व्याख्याने, मेळे, स्पर्धा यांना अवधी हवाच. घरच्या पूजेची गोष्ट वेगळी आहे. मातीची मूर्ती आणायची, तिची प्राणप्रतिष्ठा करायची, एकवीस दूर्वा आणि एकवीस मोदक अर्पण करायचे आणि उत्तरपूजा करून तिला पाण्यात निरोप द्यायचा, हा सगळा विधी चतुर्थीच्या सकाळपासून ऋषिपंचमीच्या संध्याकाळपर्यंत यथासांग पार पडतो. गौरी ज्यांच्याकडे येतात त्यांचा हिशेब नक्षत्रांवर चालतो, कारण अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळावर विसर्जन असा क्रम असल्यामुळे त्यांचे दिवस दर वर्षी थोडे मागेपुढे होतात. आमच्यासारख्यांना पंचांग इतके उघडावे लागत नाही.

पण माझा मुद्दा शास्त्राचा नाही, माणसांचा आहे. एकेकाळी एकाच चाळीत शेजारी-शेजारी राहणारे भाऊ आज कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी पनवेलला गेले आहेत, आणि एकाच महानगरात राहूनही वर्षावर्षात त्यांची गाठ पडत नाही. ज्यांच्याकडे गणपती अधिक दिवस असतो, त्यांच्या घरी जाताना आपण स्वतःशी म्हणतो की आज नाही तर उद्या जाऊ, शनिवारी गर्दी असते म्हणून सोमवारी जाऊ, आणि शेवटी विसर्जनाच्या आदल्या रात्री ऑफिसातून परस्पर धावत जाऊन, उभ्याउभ्या हात जोडून, पेढा तोंडात टाकून परत फिरतो. आत्या मंगळवारी येऊन गेलेली असते, मामा गुरुवारी येणार असतो, आणि दोघांची भेट त्या घरात होतच नाही. दीड दिवसाच्या घरी ही सवलत नाही. आलात तर चतुर्थीला दुपारच्या आरतीला यायचे, नाहीतर वर्षभर टोमणे ऐकायचे. त्यामुळे सगळे एकदमच येतात, आणि खरी मौज तिथेच असते.

ही मौज स्वयंपाकघरात पहाटे सुरू होते. आदल्या दिवशी हरतालिकेचा उपवास केलेल्या बायकांनीच दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून नारळ खवायला बसावे, ही आपल्या परंपरेने केलेली वाटणी काही फार न्याय्य नाही, असे माझे मत आहे आणि ते आता घरातल्या पुरुषांनीही, थोड्या उशिराने का होईना, मान्य केले आहे. ओले खोबरे, गूळ आणि वेलची यांचे सारण मंद आचेवर परतले जात असते. शेजारच्या शेगडीवर मीठ आणि चमचाभर तूप घातलेल्या उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी पडते आणि पातेल्यावर झाकण बसते. उकड गरम असतानाच मळावी लागते, म्हणून हाताला तेल-पाणी लावून, फुंकर मारत मारत काकू ती मळते. मग पारी करण्याची पाळी येते. मध्यभागी जाडसर आणि कडेला पातळ अशी पारी जमली तरच मुखऱ्या सुबक येतात, नाहीतर मोदक वाफेत फुटतो. फुटलेला मोदक नैवेद्याच्या ताटात जात नाही, त्यामुळे मुले मोदकपात्राजवळच घोटाळत राहतात आणि एखादा फुटावा म्हणून, मला शंका आहे, बाप्पालाच साकडे घालतात. उरलेल्या उकडीत मिरची-जिरे वाटून घालून निवगऱ्या होतात. ज्याला मोदकापेक्षा निवगरी अधिक आवडते, असा एकतरी माणूस प्रत्येक घराण्यात असतो आणि तो ते मोठ्याने सांगत नाही.

तोवर बाहेरच्या खोलीचे रूप पालटलेले असते. सोफा शेजाऱ्यांच्या घरी गेलेला असतो, पलंग भिंतीला उभा केलेला असतो, टीव्हीच्या जागी मखर असते. थर्माकोलची मखरे 2018 च्या बंदीनंतर गेली आणि पुठ्ठ्याची आली, घडी घालून माळ्यावर ठेवता येणारी. जागेची टंचाई असलेल्या शहराला ही सोय खरे तर आधीच सुचायला हवी होती. आरतीला उभे राहायला जागा पुरत नाही म्हणून अर्धे लोक पॅसेजमध्ये आणि लिफ्टच्या दारापर्यंत उभे असतात. पुढचे लोक शंकराच्या आरतीवर गेलेले असताना मागचे अजून देवीच्या आरतीत असतात, आणि "येई हो विठ्ठले"मधला "ये" लांबवण्याची चढाओढ लागली की दोन्ही टोके पुन्हा एका सुरावर येतात. जेवणाच्या पंगती पाळीपाळीने बसतात. पहिल्या पंगतीत मुले आणि म्हातारी माणसे, शेवटच्या पंगतीत वाढणारे, आणि घराण्यातल्या बातम्या, कुणाचे लग्न ठरले, कुणाचा कुणाशी अबोला आहे, या सगळ्या त्या शेवटच्या पंगतीत मिळतात.

2020 साली हे काही झाले नाही. घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती, लोकल सर्वांसाठी खुल्या नव्हत्या, आणि आरतीच्या वेळी मोबाइलच्या पडद्यावर सगळी भावंडे छोट्या छोट्या चौकटींतून टाळ्या वाजवत होती, पण टाळी कुणाचीच कुणाशी जुळत नव्हती. त्या वर्षी जागा भरपूर होती आणि सोफा जिथल्या तिथे होता.

दुसरा दिवस निवांत असतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही म्हणून अळू, सुरण, लाल भोपळा, मक्याचे कणीस अशी ऋषीची भाजी होते. दादरच्या बाजारात ती हल्ली एकत्र चिरून मिळते, आणि ते पाकीट आणल्याबद्दल थोरल्या काकू दर वर्षी नाक मुरडून ती आवडीने खातात. दुपारी उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते, तिच्या हातावर दही घातले जाते. मग कुणी चौपाटीवर जाते, कुणी पालिकेच्या कृत्रिम तलावाच्या रांगेत उभे राहते. निघताना डोळ्यांत पाणी येते हे खरे, पण रांगेत वाटली डाळ आणि खिरापत हातोहात फिरू लागली की गप्पा पुन्हा रंगतात.

रात्री पांगापांग होते. डोंबिवलीकर आणि विरारकर घड्याळाकडे पाहत डबे भरून घेतात. हे डबे नेमके कुणाचे आणि ते परत कधी यायचे, याचा निकाल दसऱ्यापर्यंत लागत नाही. याच वेळी एखादा चुलतभाऊ, पोट भरल्यामुळे असेल, विषय काढतो.

"काकू, पुढच्या वर्षीपासून आपण पाच दिवसांचा करू या ना."

"करू की," काकू मोदकपात्र पुसत म्हणतात, "पाच दिवसांची रजा तू टाक, आणि पहाटेचे नारळही तूच खव."

विषय पुढच्या भाद्रपदापर्यंत तहकूब होतो.