आमची फरशी, आजींचं छत

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इथल्या, जर्मनीतल्या घरमालकांचं पत्र आलं. झोपायच्या खोलीत कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले होते. बुरशी. आम्हीच फोटो काढून कळवलं होतं. मग त्यांचा एक माणूस येऊन भिंतीला कसलंसं मापक लावून गेला आणि आठवड्याभराने हे दोन पानी उत्तर. पहिल्या पानावर होतं की खोली पुरेशी तापवली जात नाही, खिडक्या नीट उघडल्या जात नाहीत. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसरं वाक्य: स्वयंपाकाच्या वेगळ्या सवयींमुळेही घरात जास्त ओलावा तयार होत असावा.

वेगळ्या सवयी. ते वाक्य मी तीनदा वाचलं, मग नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात वाफ कुठून येणार, सांगा. वरण-भात कुकरमध्ये होतो. तीन शिट्ट्या, की गॅस बंद. इथे शेगडी विजेची, पण तोंडात गॅसच बसलाय. वाफ आत कोंडून कमी वेळात शिजवणं हीच तर कुकरची सगळी करामत. भाकरी तव्यावर, भाजी झाकण ठेवून. उलट इथल्या घरांत बटाटे आणि शेवया मोठ्या पातेल्यात, पाणी खळाखळा उकळत, वीस-वीस मिनिटं उघड्यावर शिजतात. त्या वाफेबद्दल कुणाला कधी पत्र गेलं असेल असं मला वाटत नाही. फोडणीचा वास भिंतीत बसतो असं घरमालक म्हणाले असते तर मी मान्य केलं असतं. पण वास म्हणजे पाणी नव्हे. हे सगळं मी उत्तरात लिहिलं, कुकरच्या झडपेसकट. शब्दकोश घेऊन, एक अख्खी संध्याकाळ घालवून. अजूनही मला वाटतं की ते लिहिलं ते बरोबरच केलं.

पण पहिल्या पानावरचं खरं होतं, आणि ते सांगण्यासाठीच आज लिहितेय.

आम्ही झोपायच्या खोलीतली हायत्सुंग बंदच ठेवायचो. हायत्सुंग म्हणजे खिडकीखाली भिंतीला लावलेली पत्र्याची चपटी पेटी. तिच्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार होते. आम्ही आलो २०२२ च्या सप्टेंबरात. त्याआधीच्या वर्षापर्यंत जर्मनी निम्म्याहून जास्त गॅस रशियाकडून घेत होती, आणि आम्ही येईपर्यंत तो बंद झाला होता. जिकडे तिकडे एकच विषय, ऊर्जा वाचवा. सरकारी कचेऱ्यांना १९ अंशांच्या वर तापवायची बंदी, हात धुवायच्या नळाला गरम पाणी नाही. अशा वेळी आम्ही काय करणार? जे लहानपणापासून करत आलो तेच. खोली बंद करायची, दोन गोधड्या घ्यायच्या.

मी निफाडची. महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात पहिलं नाव कुणाचं येतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. पारा चार-पाच अंशांवर गेलेला मी शाळेत असताना पाहिलाय. पण आमच्या घरात घर तापवायची सोयच नव्हती. आम्ही माणूस तापवायचो. पहाटे न्हाणीत तांब्याचा बंब पेटायचा, अंगणात शेकोटी, पोटात बाजरीची भाकरी आणि डिंकाचा लाडू, अंगावर आजीच्या लुगड्यांची गोधडी. भिंती थंड तर थंड. भिंतीला कुठे सर्दी होते? द्राक्षाच्या बागेची मात्र घरापेक्षा जास्त काळजी. मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर ओळींमधून शेकोट्या आणि पहाटे ठिबक सुरू करायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. पाणी ऊब घेऊन येतं हे आमच्या काकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून मला इथल्या लोकांची रीत उधळी वाटायची. कुणी नसलेली खोली का तापवायची? बाहेर उणे पाच आणि माणसं घरात अर्ध्या बाह्यांत. आम्ही तीन हिवाळे मनातून अभिमानाने काढले. हायत्सुंगच्या नळाला फिरवायची मूठ असते, तिच्यावर १ ते ५ आकडे. आमच्या झोपायच्या खोलीत ती बर्फाच्या चिन्हावर असायची, म्हणजे पाणी गोठू नये इतपतच, साधारण सहा अंश.

त्या पत्रानंतर दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, टपालपेट्यांपाशी. ऐंशीच्या पुढच्या आहेत. ही वस्ती, लाइपझिगच्या पश्चिमेचं ग्र्यूनाऊ, १९७६ पासून पूर्व जर्मनीच्या सरकारने कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे पट्टे जोडून उभी केली. तेव्हा त्या तरुण नवरा आणि दोन मुलं घेऊन इथे आल्या. मी पत्राबद्दल सांगितलं, बराच राग काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुकरचंसुद्धा. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची फरशी म्हणजे माझं छत. माझ्या झोपायच्या खोलीचं छत तीन वर्षं गार आहे."

मला काही बोलताच आलं नाही.

त्या तक्रार करत नव्हत्या. तीन वर्षं त्यांनी कुणाकडे शब्द काढला नव्हता. आमच्या दोघींच्या मध्ये काँक्रीटची एक फळी. ऊब गरमाकडून गाराकडे जाणार, तिला दार लागत नाही. आमची खोली गार, म्हणून त्यांच्या हायत्सुंगने आमची फरशी तापवली आणि त्याचे पैसे त्यांच्या पेन्शनमधून गेले. आम्ही जी बचत समजत होतो तिचा काही भाग त्या भरत होत्या. इथल्या बिलाची रीतही मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजली. १९८१ पासूनच्या नियमाप्रमाणे इमारतीच्या उष्णतेच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग ज्याने जितकी वापरली त्याप्रमाणे वाटतात, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. वापर मोजायला प्रत्येक हायत्सुंगवर बोटाएवढी डबी चिकटवलेली असते. मूठ बंद ठेवली तरी क्षेत्रफळाचा वाटा सुटत नाही, आणि डबीला शेजारच्या भिंतीतून आलेली ऊब दिसत नाही.

आजींनी त्यांच्याकडचं छोटं आर्द्रतामापक मला दिलं. आमच्या झोपायच्या खोलीत ते ६८ टक्के दाखवायला लागलं. रात्री दोन मोठी माणसं आणि एक मूल श्वास घेणार, दार बंद, हवा गार. मग नानांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, पस्तीस गळीत हंगाम. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं तेव्हा आमच्या घरी सणासारखं वातावरण असायचं. त्यांनी भिंतीचा कोपरा बघितला आणि म्हणाले, "माठातलं पाणी तांब्यात घेतलं की तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तुझ्या भिंतीला आलाय."

खरोखर तेवढंच आहे. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं, दहा अंशांच्या हवेत नऊ-साडेनऊ ग्रॅम. हवा गार भिंतीला टेकली की तिथे ती ओली पडते. खोलीत २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असली तर भिंतीचा पृष्ठभाग साडेबारा अंशांच्या खाली गेला की बुरशीला पुरतं. पाण्याचे थेंब दिसायचीही गरज नाही. आणि आम्ही बाहेरच्या भिंतीला लाकडी कपाट टेकवून तिथली हवाही अडवली होती. निफाडच्या घरात हे का होत नव्हतं? कौलांतून, दारांच्या फटींतून, सताड उघड्या खिडक्यांतून वारा दिवसभर वाहायचा, आणि आमचा हिवाळा कोरडा. ओल धरायला तिथे जागाच नव्हती. इथली खिडकी लावली की मुंगीसुद्धा आत येत नाही. म्हणून इथे भिंतीलाही माणसासारखं सांभाळावं लागतं. आमची रीत चुकीची नव्हती, ती त्या घराची होती. एवढं मला माझ्या बाजूने म्हणू द्या.

खिडक्या उघडायच्या नियमावरही मी आधी चिडायचे. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड, पाच मिनिटं, हिमवर्षाव असला तरी. पैसे देऊन तापवलेली हवा बाहेर सोडायची? पण शून्य अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम पाच ग्रॅम पाणी मावतं. ती आत येऊन तापली की कोरडी ठणठणीत होते आणि घरातली ओल प्यायला तयार होते. पाच मिनिटांत भिंती गार होत नाहीत, हवा तेवढी बदलते. आजींच्या मापकावर ६८ चे ४४ झालेले मी स्वतः पाहिले. खिडकी दिवसभर फटीएवढी तिरकी ठेवणं मात्र सगळ्यात वाईट. त्याने हवा धड बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गारठते.

आजी सांगतात की सुरुवातीला त्यांच्या हायत्सुंगला मूठच नव्हती. शहराला ऊब पुरवणाऱ्या केंद्रातून गरम पाणी येणार, घर तापणार, फार तापलं की खिडकी उघडायची. थंडीत रस्त्यावरून बघितलं तर अर्ध्या इमारतीच्या खिडक्या उघड्या. मुठी आल्या दोन जर्मनींच्या एकीकरणानंतर. या मुठीची गंमत मला नानांनीच समजावली. तिच्या आत द्रव किंवा मेण भरलेली एक कुपी असते. खोली तापली की ते फुगून झडप दाबतं आणि पाणी अडवतं, खोली गार झाली की आक्रसून वाट सोडतं. वीज नाही, तार नाही. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेननी १९४० च्या दशकात ही कल्पना काढली, डॅनफॉस ही कंपनी त्यांचीच. ३ म्हणजे सुमारे २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा चार अंशांनी वर. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त २८ पर्यंत थांबत नाही. हे आम्हाला घर देताना कुणी एका कागदावर लिहून दिलं असतं तर पुढची दोन पानं लिहायची वेळ आली नसती.

पाणीच का, हा नानांचा आवडता भाग. तेवढ्याच जागेतली हवा जेवढी उष्णता वाहून नेईल त्याच्या सुमारे साडेतीन हजार पट पाणी नेतं. म्हणून बोटभर नळीतून आलेलं पाणी अख्खी खोली सांभाळतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं शहराच्या दक्षिणेच्या लिपेनडॉर्फ वीजकेंद्राची ऊब येत आली, लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा जाळून वीज केल्यावर उरलेली. ते पाणी तळघरापर्यंत येतं, तिथे आपली ऊब इमारतीच्या पाण्याला देऊन परत फिरतं. इमारतीचं पाणी वेगळं, तेच वर्षानुवर्षं फिरत राहतं. आणि पेटी खिडकीखालीच का? काचेवरून गार हवा खाली घसरते, तिला तिथेच गाठायला. नाना म्हणाले, "ज्याने बसवलंय त्याला कळत होतं." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

आता झोपायच्या खोलीची मूठ २ वर असते, १६ अंश. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय. कोपरा आम्ही स्वतः पुसून रंगवला. घरमालकांकडून कुकरवर काहीच उत्तर आलं नाही, ते मला अजून लागतं. गोधडी एकच घेतो. दुसरी मी आजींना दिली. त्या नको म्हणाल्या, मग तिच्यावरचे टाके बोटाने मोजत बसल्या.

गेल्या ऑक्टोबरात घरं तापवायचा हंगाम सुरू झाला त्या रात्री आमच्या हायत्सुंगमधून गुडगुड ऐकू यायला लागली. वरची बाजू थंड, खालची गरम. हवा अडकली की असं होतं. आजींनी चौकोनी भोकाची पितळी किल्ली वर आणून दिली. खाली वाटी आणि फडकं धरलं, वरच्या कोपऱ्यातला खिळा अर्धा फेरा फिरवला. फुसफुसत हवा गेली, मग थुंकल्यासारखं करत पाणी आलं, शाईसारखं काळं आणि वासाचं. मी घाबरून वाटीचा फोटो नानांना पाठवला. निफाडला पहाट व्हायची होती, पण ते जागेच होते. बॉयलरच्या पाळीची सवय.

"काळंच आहे ना? तांबूस नाही?"

"काळंच."

"मग हवा शिरत नाही आत. लोखंड शाबूत आहे. कर बंद, आणि खालच्या बाईंची पण बघून ये."