थ्री नॉट थ्रीला काय भाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून माझी नोकरी झाली, हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी वाकून विचारतंच, "काय हो, त्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीला आज किती येत असतील?"

आपल्याकडे तिला बाजारच नाही. .३०३ हा आपल्या कायद्यात निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप. साध्या परवान्यावर मिळते ती .३१५, तीसुद्धा तिचीच बहीण, त्याच बोल्टची, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या मुठीच्या दांड्याची. माळ्यावर आजोबांची थ्री नॉट थ्री सापडली, तर भाव राहू दे, आधी पोलीस ठाणं गाठा.

भाव आहे तो परदेशात. माझा भाचा टेक्सासात असतो. मागे त्याने एक विकत घेतली आणि व्हिडिओ कॉलवर समोर धरली. "मामा, अस्सल आहे का बघ ना." म्हटलं, बोल्टच्या मुठीखाली, जिथे लाकडी बट, म्हणजे खांद्याला टेकायचा दस्ता, लोखंडात बसतो, तिथे उजव्या अंगाला कॅमेरा ने. मुकुट दिसला. त्याखाली जी. आर. आय., म्हणजे राजा जॉर्ज, सम्राट. मग इशापूर, १९४२, आणि मार्क तीन या मॉडेलच्या नावापुढे चांदणी. कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्याचा माल. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. चांदणीचा अर्थ काटकसर: पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, मॅगझिन बंद करायची पट्टी आणि लांब पल्ल्याच्या बाजूच्या माश्या (नेम धरायच्या खुणा) काढून टाकल्या, तेवढंच काम वाचलं.

मूळ रचना जेम्स पॅरिस ली याची, नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, एनफिल्डचे. म्हणून ली-एनफिल्ड. दहा गोळ्यांचं मॅगझिन, पाच-पाचच्या क्लिपने भरायचं, आणि बोल्ट इतका सैल हलतो की पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाला मिनिटाला नेम धरून पंधरा बार मारण्याची तालीम असे.

पण संग्राहक बार काढून बघत नाही, नंबर जुळवून बघतो. बॉडीवर, नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मागे, मागच्या माशीच्या पट्टीवर, नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीवर एकच नंबर असेल तर भाव चढतो. भाच्याच्या रायफलीचा बोल्टचा नंबर वेगळा निघाला. जुना छिन्नीने खोडून शेजारी नवा ठोकलेला.

हे बघून मला आपलंच पाप आठवलं. आम्ही दोन निकामी रायफलींची एक चालती करायचो. तेच तर आमचं काम होतं. बटावरचे डाग काचकागदाने घासून जवसाचं तेल चोळायचो. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी नळी चकाकली पाहिजे, म्हणून एमरी लावलेल्या चिंध्यांनी काळिमासुद्धा उतरवायचो. संग्राहकाच्या हिशेबात हे सगळं नुकसान. त्याला खरा मळ हवा, जुना रंग हवा, शिक्क्यात साचलेली काजळी हवी. मला पगार मिळायचा तो नेमकी ती काजळी काढण्याचा!

एक मात्र आम्ही बरोबर करायचो. फायरिंगहून आल्या आल्या नळीतून उकळतं पाणी ओतायचं. खडकीच्या कारखान्यातल्या जुन्या काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून नळीत क्षार उतरतो, तो दमट हवेत पाणी ओढतो आणि दोन दिवसांत आतून गंज. तेलाने तो जात नाही, पाण्यात विरघळतो. मग पुलथ्रू, म्हणजे दोरीला बांधलेली चिंधी नळीतून ओढायची, मग तेल. नळी आतून निरोगी राहिली ती यामुळेच, आणि नळी बघूनच निम्मा भाव ठरतो.

हजारो डॉलरला जाते ती मात्र वेगळी: दुसऱ्या महायुद्धातली नेमबाजांची नंबर चार (टी). त्यातही तिचीच दुर्बीण असेल तरच. दुर्बिणीचा नंबर बटाच्या मानेवर ठोकलेला असतो, तिथे फसगत उघडी पडते. भाच्याच्या मित्राने दोन वेगवेगळे नंबर असलेली जोडी अस्सल म्हणून घेतली, आता ती तो कुणाला दाखवत नाही.

आणखी एक गैरसमज तिकडे फार. इशापूरची २ए१ ही ७.६२ मिलिमीटर गोळीची रायफल जुन्या .३०३लाच खोदून केलेली, असं विक्रेतेसुद्धा सांगतात. नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर ती नव्याने, अधिक मजबूत पोलादात घडवली. मॅगझिन चौकोनी असतं, त्यावरून लांबूनही ओळखू येते.

बाकी जुन्या हत्याराचं कौतुक मला एका मर्यादेपलीकडे जमत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर आपल्या काही शिपायांच्या हातात हीच होती, आणि समोर एके-४७.

भाच्याने शेवटी विचारलं, "मामा, बट फारच काळा आहे, घासून तेल लावू का?" माझा हात सवयीने चिंधीकडे गेलाच होता. म्हटलं, "खबरदार हात लावशील तर."