डोकं परत आणून देणारा माणूस

पुतळ्याला डोकं नाही, एक हातही तुटलेला. डोकं शेजारीच वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलंय. घानाची राजधानी अक्रामधल्या क्वामे एन्क्रुमा स्मारक उद्यानात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती इथे.

हा घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांचाच पुतळा. २४ फेब्रुवारी १९६६ला लष्कराने त्यांची सत्ता उलथवली, तेव्हा तो पाडला गेला. डोकं कुणीतरी उचलून घरी नेलं आणि २००९ मध्ये सरकारला परत आणून दिलं. ४३ वर्षं! कुठे ठेवलं असेल? खाटेखाली, पोत्यात गुंडाळून? घरच्यांना तरी ठाऊक असेल का?

उद्यानाची जागा म्हणजे इंग्रजांचं जुनं पोलो मैदान. स्थानिकांना इथे खेळायला मज्जाव होता. एन्क्रुमांनी देश स्वतंत्र झाल्याची घोषणा करायला नेमकी हीच जागा निवडली. ६ मार्च १९५७, मध्यरात्र. गोल्ड कोस्ट या इंग्रजी वसाहतीचा घाना झाला. व्यासपीठावर ते आणि त्यांचे सहकारी उभे होते, डोक्यावर ‘पी. जी.’ अक्षरांच्या टोप्या. पी. जी. म्हणजे ‘प्रिझन ग्रॅज्युएट’, तुरुंगाचे पदवीधर! मला फार आवडलं हे. १९५१ची निवडणूक एन्क्रुमांनी इथून जवळच्याच जेम्स फोर्ट तुरुंगात असताना जिंकली होती.

आत कारंजी आहेत, शिंग फुंकणाऱ्या वादकांच्या मूर्ती आहेत, आणि मधोमध एन्क्रुमांची संगमरवरी समाधी. उलट्या धरलेल्या तलवारीसारखा तिचा आकार. घानातल्या अकान लोकांत ही शांततेची खूण. या माणसाला माती मिळाली तीही तीन ठिकाणी. १९७२ मध्ये बुखारेस्टला मृत्यू, आधी गिनीत दफन, मग न्क्रोफुल या जन्मगावी, शेवटी १९९२ मध्ये इथे. शेजारी पत्नी फातिया. त्या इजिप्तच्या.

संग्रहालय मी भरभर पाहिलं. फोटो बरेच आहेत. नेहरू, टिटो, नासर, सुकर्णो यांच्याबरोबर अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीचे संस्थापक म्हणून शाळेत जे पाचवं नाव पाठ केलं होतं, ते हेच. तेव्हा ते नुसतं नाव होतं.

निघताना पुन्हा त्या डोक्यापाशी गेले. एका बाईने कडेवरच्या पोरीला उचलून वर धरलं होतं. पोरीने आधी ब्राँझच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या.