दोन फॉर्म

नवरा-बायको आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, तिघंही एकदमच आत आले. बोलायला सुरुवात नवऱ्याने केली. "डॉक्टर, हिची पाळी जायची वेळ आलीय. सतत चिडचिड, रात्री झोप नाही. घरी जावंसं वाटत नाही हो." मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. बोलले की भांडतात."

निदान घरूनच करून आणणारे लोक मानसोपचारात रोज भेटतात. हे निदान खोटंही नव्हतं. बाई ४७ वर्षांच्या. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांत. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने जाग यायची. रजोनिवृत्तीआधीचा हा काळ काही वर्षं चालतो. त्यात इस्ट्रोजेन सरळ रेषेत उतरत नाही, वरखाली होत राहतं. सेरोटोनिनशी त्याचा संबंध असल्याने मनही थाऱ्यावर राहत नाही. पूर्वी डिप्रेशन होऊन गेलेल्यांना ते या काळात पुन्हा गाठू शकतं. थायरॉइड मंदावलं तरी पुष्कळशी लक्षणं अशीच दिसतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगितली.

जोडपं आलं की पीएचक्यू-९ हा डिप्रेशन मोजणारा फॉर्म मी दोघांनाही देते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, गुण जास्तीत जास्त २७; जितके जास्त, तितकं डिप्रेशन गंभीर. "मला कशाला?" म्हणत नवऱ्याने फॉर्म भरला.

बाईंचे गुण ९. यांचे १८. आणि नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नावर, 'काही दिवस'पुढे खूण.

ही खूण दिसली की त्याच बैठकीत विचारायचं असतं. मायलेकींना बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. ते म्हणाले, "ठरवलेलं काही नाही. पण सकाळी जाग आली नाही तर सुटलो, असं वाटतं." मग एकेक बाहेर यायला लागलं. पहाटे तीनला उघडणारे डोळे, हाताखालच्याला मिळालेली बढती, कशातच नसलेली चव. पुरुषांचं डिप्रेशन अनेकदा तुसडेपणातून, दारूतून, नाहीतर अबोल्यातून दिसतं, आणि घरचे त्याला 'स्वभाव' म्हणून मोकळे होतात. बाईच्या रागाला मात्र चाळिशीनंतर हार्मोन्सचं लेबल तयार असतं. ते एकदा लागलं की घरात आणखी कोण आजारी आहे, हे कुणी बघत नाही.

त्यांची परवानगी घेऊन बाईंना आत बोलावलं आणि सांगितलं. मला वाटलं, रडतील. पण त्या भडकल्या. "वर्षभर विचारतेय, काय होतंय तुम्हाला? हे म्हणतात, तुझं वय झालंय. सासूबाईही तेच. लेकसुद्धा तेच शिकली!" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं: बघा, हेच.

"हे हार्मोन्स नाहीत," मी म्हटलं.

नवऱ्याच्या डिप्रेशनवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे बाईंना मुद्दाम सांगितलं. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून औषध बंद करणारी घरं पुष्कळ. घरातली सगळी औषधं बाईंच्या ताब्यात, तसा विचार वाढला तर तडक फोन, आठवड्याने पुन्हा भेट. बाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

"आणि माझ्या या रागाला काय?"

"त्याला गोळी नाही."

"देऊही नका," त्या म्हणाल्या.