भाव 14 टक्के वाढले, पण कुणाचे?

जानेवारी उजाडला की गेल्या वर्षीच्या घरबाजाराचे अहवाल येऊ लागतात आणि उपनगरात ऐसपैस घर असलेल्या ओळखीच्यांकडून एकच प्रश्न येतो: "आमच्या भागात भाव 14 टक्के वाढले म्हणे. म्हणजे आमचं घरही तेवढं वाढलं ना?" आकडा दर वर्षी निराळा, प्रश्न तोच. कधी 'पाच टक्के पडले' असंही छापून येतं, तेव्हा विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली आलेला असतो. माझं काम असल्या आकड्यांशीच, म्हणून उत्तर माझ्या खिशात तयार असेल असं लोक धरून चालतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाढलं असेल, नसेलही. त्या आकड्यावरून ते कळत नाही.

अहवालातला आकडा बहुतेक वेळा मध्यक किमतीचा असतो. वर्षभरात विकली गेलेली घरं किमतीच्या क्रमाने लावायची, बरोबर मधल्या घराची किंमत उचलायची आणि ती गेल्या वर्षीच्या मधल्या घराशी ताडून बघायची. सरासरीपेक्षा हे बरं. एखाददुसरा राजवाडा विकला गेला तरी चित्र बिघडत नाही. पण या वर्षीचं मधलं घर आणि गेल्या वर्षीचं मधलं घर ही दोन वेगळी घरं आहेत, हे टक्केवारी छापताना कुणी सांगत नाही.

मोठ्या शहरात हे फारसं नडत नाही. तिथे हजारो व्यवहार होतात, उन्नीस-बीस आपोआप निघून जातं. सधन उपनगरात मुळात विकणारेच मोजके. समजा, एका वर्षी 60 घरं विकली गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त स्टेशनजवळची जुनी, लहान घरं होती. पुढच्या वर्षी टेकडीवरच्या बंगल्यांची पाळी आली. कुणाची मुलं शिकून बाहेर पडली, कुणाला जिने चढवेनात, कुणाचा घटस्फोट झाला. अख्ख्या गावात एकाही घराची किंमत पैनेही वाढलेली नसताना मध्यक सहज 20 टक्के वर जाईल. तिसऱ्या वर्षी पुन्हा लहान घरं विकली गेली की तोच अहवाल 'मंदी' म्हणेल. आकडा खोटा नसतो. त्या वर्षी विकायला कोण निघालं, एवढंच तो सांगत असतो.

एकाच वर्षाच्या आतही हा खेळ चालतो. मुलांच्या शाळेचं वर्ष संपताना घर बदलायचं, असा बहुतेक कुटुंबांचा हिशेब असतो, त्यामुळे मोठी घरं त्याच सुमारास जास्त विकली जातात. मग मध्यक चढतो आणि पुढे हंगाम सरला की उतरतो. लगतच्या दोन महिन्यांची तुलना करून कुणी तुम्हाला घाबरवत किंवा हुरळवत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नका.

यावरचा उपाय जुना आहे. बेली, मूथ आणि नॉर्स या तिघांनी 1963 मध्ये सुचवलं की एकच घर दोनदा विकलं गेलं असेल, तर त्या दोन किमतींचीच तुलना करावी. 1980च्या दशकात कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी ही पद्धत अमेरिकेतल्या शहरांना लावली, आणि त्यांच्या नावाचा निर्देशांक आज जगभर उद्धृत होतो. मला ही पद्धत मनापासून पटते. पण श्रीमंत उपनगरात तिचीही दमछाक होते. तिथे माणसं वीस-वीस वर्षं घर सोडत नाहीत, मग एकाच घराच्या दोन विक्रींच्या जोड्या मिळणार कुठून? शिवाय छोटं जुनं घर पाडून त्याच जागी तिप्पट मोठं बांधण्याची हौस इथेच जास्त. नवं बांधकाम या हिशेबात धरत नाहीत, म्हणजे गावातली सर्वात ठळक घडामोडच बाहेर राहते.

अमेरिकेतल्या सरकारी गृहवित्त नियामकाच्या, नेहमी उद्धृत होणाऱ्या निर्देशांकाची गंमत आणखी वेगळी. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांकडे आलेल्या कर्जांवरून तो काढतात. या संस्थांना कर्जाच्या रकमेची कमाल मर्यादा आहे. 2025 साली ती बहुतेक भागांत 8,06,500 डॉलर होती, सर्वात महागड्या भागांत 12,09,750. त्यावरचं कर्ज 'जंबो' ठरतं आणि निर्देशांकाला ते दिसतच नाही. रोख पैसे मोजून घेणाराही दिसत नाही. आता सांगा, श्रीमंत उपनगरात घर घेणारे कोण असतात?

'व्यवहार थंड आहेत, मग भाव कसे चढतात?' हा याच प्रश्नाचा जोडप्रश्न. 2023 साली अमेरिकेत जुन्या घरांची विक्री सुमारे 41 लाखांवर आली, 1995 नंतरची सर्वात कमी. त्याच वर्षी मध्यक किंमत मात्र तोवरची सर्वाधिक होती. कारण व्याजात आहे. तिथलं नेहमीचं गृहकर्ज 30 वर्षं स्थिर दराचं. जानेवारी 2021 मध्ये तो सरासरी दर 2.65 टक्के होता, ऑक्टोबर 2023 मध्ये 7.8च्या आसपास गेला. स्वस्त कर्ज हातात असलेला माणूस ते सोडून महाग कर्ज कशाला घेईल? तो जागचा हलत नाही. घेणारेही घटतात, पण विकाऊ घरं त्याहून घटतात. ब्रिटनमध्ये दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो, त्यामुळे तिथे ही गाठ इतकी घट्ट बसत नाही.

त्यात उपनगरांनी नव्या घरांची वाट आधीच अडवलेली असते. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या उपनगराच्या खटल्यात 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीनवापराच्या विभागणीला, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवून देण्याला, मान्यता दिली. एका घराला किमान इतकी जमीन हवी, इथे इमारत नको, असले नियम त्यानंतर फोफावले. त्याला परिसराचं वेगळेपण जपणं म्हणतात. माझ्या मते तो बराचसा पुरवठा रोखून धरण्याचा सभ्य मार्ग आहे, पण यावर माझं आणि बंगलेवाल्यांचं कधी जमलेलं नाही.

तर मी काय बघते? आधी विकलेल्या घरांची संख्या. ती शंभराच्या आत असेल तर एका वर्षाची टक्केवारी मी वाचतच नाही, तीन वर्षं एकत्र करून पाहते. मग घर बाजारात किती दिवस पडून राहिलं आणि मागितलेल्या किमतीच्या मानाने शेवटी किती मिळालं. बाजार सैल पडायला लागला की ते आधी इथे दिसतं, किमती नंतर हलतात.

आणि मी उलट विचारते: हा आकडा हवाय कशाला? विकून त्याच भागात दुसरं घर घ्यायचं असेल, तर तेही तेवढंच महागलेलं असणार. हाती दलाली आणि मुद्रांक शुल्काचा खर्च तेवढा उरतो. घर लहान करायचं असेल किंवा तो भागच सोडायचा असेल, तर गोष्ट वेगळी. मग अहवाल बाजूला ठेवा आणि तुमच्याच रस्त्यावर गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या विक्रीच्या नोंदी काढा. त्यातल्या कुणी विकण्याआधी वरचा मजला चढवला होता, कुणी स्वयंपाकघर नवं केलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं. ते घेऊन या, मग आपण बोलू.